एन्रॉनमध्ये बाजार होता कुठे?

मंडळी, खासगीकरणाचा विषय निघाला की चिपळूण-गुहागरात कोणीतरी एन्रॉन काढतोच. "बघितलेत ना खुल्या बाजाराचे प्रताप?" माझं म्हणणं उलट आहे. तिथे बाजार नव्हताच.

१९९३ साली राज्य वीज मंडळाने दाभोळ वीज कंपनीशी करार केला. खुली निविदा नाही, स्पर्धक नाही. वीज घ्या किंवा नका घेऊ, स्थिर आकार भरायचाच. दरही डॉलरशी बांधलेला. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकार हमीदार. १९९५ ला युती सरकारने करार मोडला, मग नव्याने केला. १९९९ ला वीज सुरू झाली आणि २००१ ला अंजनवेलचा प्रकल्प बंदही पडला.

२०२१ च्या पुरानंतर आपल्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याने चिखल उपसून पुन्हा शटर उघडलं. त्याला कोणी गिऱ्हाइकाची हमी दिली होती? बाजार म्हणतात तो हा. नफा तुझा, तोटाही तुझाच.

मी खुल्या बाजाराच्या बाजूचा आहे, म्हणूनच सरकारी हमीच्या विरोधात आहे. मोठ्या गुंतवणुकीची घोषणा झाली की एकच विचारा : बुडालं तर भरणार कोण? उत्तर 'सरकार' असेल, तर भरणारे तुम्ही-आम्हीच.