पनवेल ते राजमाची, लिटरने आणि युनिटने

पनवेलहून घाटावर जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एक्स्प्रेसवेनं की जुन्या रस्त्यानं? आम्ही जुना धरला. शेडुंग, चौक, खालापूर करत खोपोली, तिथून शिंगरोबाच्या घाटानं खंडाळा-लोणावळा आणि पुढं तुंगार्लीवरून राजमाचीच्या कुशीतलं उधेवाडी. एवढ्या टप्प्यात सपाट रस्ता, खडा घाट आणि दगडधोंड्यांची वाट असं सगळं एका दिवसात मिळतं. गाडी किती पिते हे जोखायला यापेक्षा चांगलं मैदान आमच्या बाजूला नाही.

गाड्या दोन होत्या. माझी स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन, जोडीला मोटर आणि लहानशी बॅटरी, प्लग नाही. दुसरी मित्राची थार, नाशकात बनलेली, डिझेल, फोर बाय फोर. मित्राला गावात सगळे शेठ म्हणतात. तिसरी गाडी मात्र फक्त बोलण्यात होती. दिवाळीला डेन्व्हरहून आलेल्या माझ्या आतेभावाकडे तिकडे जीप रँग्लरची फोर-बाय-ई आहे: प्लग लावून चार्ज करायची, पेट्रोलवरही चालणारी आणि डोंगरात घुसणारी. पेट्रोल रँग्लरची जुळणी 2021 पासून आपल्या रांजणगावात होते, पण ही प्लगवाली इथं विकत नाहीत. त्यामुळे भाऊ दिवसभर माझ्या शेजारी बसून आपल्या गाडीची वकिली करणार, हे निघतानाच कळलं होतं.

पंपावर दोन्ही टाक्या फुल केल्या. पहिल्या कटऑफलाच थांबव, असं पोराला बजावलं, तरी तो सवयीनं म्हणालाच, "साहेब, राऊंड फिगर करू?" टाकी ते टाकी हिशेब काढायचा तर ही राऊंड फिगर सगळं बिघडवते.

खालापूरपर्यंत माझी गाडी खुशीत होती. सिग्नलला, ट्रकच्या मागे रेंगाळताना इंजिन आपोआप बंद व्हायचं, मोटर ओढायची आणि पडद्यावर लिटरला तेवीस-चोवीसचा आकडा दिसत होता. तिथं थांबलो तेव्हा शेठनं भावाला नेमका प्रश्न टाकला. "तुझी अॅव्हरेज किती देते?"

"एक आकडा नाही रे सांगता येत."

खरंच येत नाही. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत त्या गाडीला दोन आकडे मिळाले आहेत. बॅटरी 17.3 युनिटची, ती भरलेली असेल तर निव्वळ विजेवर सुमारे 34 किलोमीटर. ती संपली की पेट्रोलवर गॅलनला वीस मैल, आपल्या भाषेत लिटरला साडेआठ. यावर शेठ इतका हसला की भाऊ थोडा खट्टू झाला. पण गाडी सव्वादोन टनांच्या वर, चौकोनी, मोठ्या खडबडीत टायरांची. वाऱ्याला कापत जाणारा तिचा आकारच नव्हे.

"चौतीस किलोमीटर म्हणजे पनवेलहून निघालास की खोपोली," शेठ म्हणाला. "घाट सुरू व्हायच्या वेळेला तुझी वीज खल्लास."

हा मुद्दा बिनतोड होता. भावाचं उत्तरही तयार होतं. त्या गाडीत वीज राखून ठेवायचं एक बटण आहे, ई-सेव्ह. ते दाबलं की गाडी पेट्रोलवर चालते आणि बॅटरी पुढच्यासाठी शिल्लक राहते. कुठं खर्चायची ते चालवणाऱ्यानं ठरवायचं. म्हणजे आमच्या आजच्या वाटेवर नकाशा समोर ठेवूनच गाडी चालवावी लागली असती.

शिंगरोबाच्या देवळापाशी शेठनं काच खाली करून नाणं टाकलं. इंग्रजांना या घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा. ड्रायव्हर मंडळी इथं हात जोडल्याशिवाय पुढं जात नाहीत. त्या वळणावर माझा पडदा नऊवर आला होता. यात गाडीचा दोष नाही, शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा हिशेब आहे. माणसं-सामान धरून सोळाशे किलो वजन साडेपाचशे मीटर वर न्यायला जवळजवळ अडीच युनिट ऊर्जा लागते. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा तिसरा हिस्साच कामाला लावतं, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणजे नुसती उंची गाठायला पाऊण लिटर गेलं. भावाच्या गाडीला, वजनामुळे, सव्वा लिटरच्या घरात गेलं असतं.

लोणावळ्यात माझी गाडी उभी केली आणि तिघे थारमध्ये बसलो. तुंगार्लीनंतर डांबर हळूहळू विरळ होतं आणि मग संपतंच. पावसाळ्यानं खणलेल्या चाकोऱ्या, मध्येच ओढ्याचं पात्र, त्यात फुटबॉलएवढे दगड. बाजूला सोनकीची शेवटची पिवळी फुलं. शेठनं लिव्हर फोर-लोला टाकलं आणि गाडी माणसाच्या चालीनं चढू लागली. इंजिन पाव वेळ काम करत होतं आणि उरलेला वेळ नुसतं घुरघुरत होतं: पुढची जीप वाट देईपर्यंत, मी उतरून दगड बघेपर्यंत, म्हशी जाईपर्यंत. तासाभरात पडद्यावर सहाचा आकडा आला. शेठ आता हसत नव्हता.

इथं भावाची गाडी खरी जिंकली असती, हे मी तरी मान्य केलं. मोटरला शून्य वेगापासूनच पूर्ण ताकद मिळते, थांबली की ती काहीच खात नाही, आणि अशा वेगाला वाऱ्याचा अडथळाही नसल्यासारखाच. लोणावळा ते उधेवाडी सोळा-एक किलोमीटर, जाऊन-येऊन बत्तीस. ई-सेव्हनं राखलेली वीज काठोकाठ पुरली असती. चढ-उतार आणि दगड धरले तर कदाचित थोडी कमीही पडली असती. शिवाय डिझेलचा आवाज नाही, हा राजमाचीच्या रानाला फायदाच.

उधेवाडीत पिठलं-भाकरी झाली. राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी श्रीवर्धन चढून आलो, मनरंजन वेळेअभावी राहिला. श्रीवर्धनावरून दिसणारा ढाकचा सुळका कुठल्याही गाडीपेक्षा मोलाचा, एवढंच लिहून पुढं जातो.

परत फिरल्यावर, लोणावळ्यातून पुन्हा माझी गाडी घेऊन घाट उतरताना खरी गंमत दिसली. ब्रेकवर पाय टेकला की मोटर उलटी काम करते, वीज तयार करून बॅटरीत टाकते. मुंबईच्या नव्या लोकल हेच करतात, फक्त त्या वीज तारेत परत सोडतात. माझी बॅटरी मात्र पाऊण युनिटची. वर चढताना अडीच युनिटची पुंजी कमावलेली, खाली ठेवायला एवढंसं मडकं. घाट अर्धा उतरायच्या आत बॅटरीच्या खुणा काठोकाठ भरल्या आणि मग इंजिन पेट्रोल न घेता नुसतं फिरून गाडी आवरू लागलं. उरलेली सगळी कमाई गरम हवा होऊन उडाली. भावाच्या गाडीची बॅटरी राजमाचीच्या वाटेवर रिकामी झालेली असती, तर यातली बरीच वीज तिच्यात मावली असती. (जाता जाता: घाटात न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून दिसतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना इंधन बंदच असतं. न्यूट्रलमध्ये उलट ते आयडलला जळतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.)

पनवेलला टाक्या पुन्हा भरल्या. माझी वीसच्या आसपास बसली, थारची साडेदहा. कंपनीच्या कागदावरचे आकडे याहून बरेच जास्त असतात, कारण ती चाचणी रोलरवर होते: जास्तीत जास्त नव्वदचा वेग, ना घाट, ना दगड. पुण्याची एआरएआय ही चाचणी करणारी संस्था स्वतः वेताळ टेकडीवर आहे, पण तिच्या रोलरना टेकडी चढावी लागत नाही. प्लगवाल्या गाड्यांत ही तफावत सगळ्यात मोठी. युरोपियन कमिशननं 2024 मध्ये लाखो गाड्यांची खरी नोंद तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष उत्सर्जन कागदापेक्षा सरासरी साडेतीन पट निघालं. मुख्य कारण साधं: गृहीत धरलं तेवढा लोक प्लग लावत नाहीत.

रात्री शेठच्या ओटीवर पैशांत मांडून बघितलं. भावाची गाडी एका युनिटला सव्वादोन-अडीच किलोमीटर जाते. युनिट दहा रुपये धरलं तर किलोमीटरला चार-साडेचार. पेट्रोल शंभर रुपये धरलं तर तीच गाडी किलोमीटरला बारा रुपये खाते, डिझेल थारपेक्षाही जास्त. वर कर: विजेच्या गाडीला जीएसटी 5 टक्के, एवढ्या मोठ्या हायब्रिडला 40.

तेव्हा अशी गाडी कधी इकडे विकायला आली आणि तुमचं मन झालं, तर शोरूममध्ये जायच्या आधी सोसायटीच्या सभेत पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटचा ठराव मांडा. तो मंजूर झाला तरच बुकिंग करा. नाही झाला तर डिझेलची फोर बाय फोर बरी. निदान तिला बॅटरीचं ओझं घाटावर वाहून न्यावं लागत नाही.