गळती : शून्य

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील गोष्ट. एका गॅस साठवण केंद्राचा तिमाही अहवाल माझ्या टेबलावर आला. तेथील अभियंत्याने व्हॉल्व्हमधून झालेल्या किरकोळ गळतीची नोंद केली होती. मी रीतसर त्याचा खुलासा मागवला. पुढील चारही अहवालांत ‘गळती : शून्य’ असे आले आणि मी त्यांवर ‘समाधानकारक’ असा शेरा मारला.

त्या शेऱ्याची लाज मला वाटली ती पुढे जयपूरच्या मुक्कामात.

२९ ऑक्टोबर २००९ रोजी येथील सीतापुरा भागातील इंडियन ऑइलच्या डेपोत, पेट्रोल पाइपलाइनने पाठवण्याची तयारी चालू असताना ते व्हॉल्व्हमधून उसळू लागले. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. गळती सुमारे सव्वा तास चालली. वाफेचा ढग जमिनीलगत पसरत गेला आणि साडेसातच्या सुमारास स्फोट झाला. अकरा माणसे गेली. त्यांतील पाच कंपनीची नव्हती. आग सुमारे अकरा दिवस धुमसत होती.

आता कायदा पाहा. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाचे कलम २७ अपघाताची खबर देण्यास सांगते, परंतु कोणत्या? पेट्रोल पेटून आग वा स्फोट झाला आणि त्यात जीवित वा मालमत्तेची गंभीर हानी झाली, अशा. भोपाळनंतर झालेल्या १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांत मोठ्या अपघाताची सूचना ४८ तासांत द्यावयाची असते. ही बंधने आवश्यकच आहेत. पण त्यांचे घड्याळ अनर्थानंतर सुरू होते. माणसे वाचतात ती त्याआधीच्या सव्वा तासात, आणि त्याहूनही आधीच्या किरकोळ नोंदींमुळे.

अर्थशास्त्र असे सांगते की ज्या माहितीची किंमत देणाऱ्याला मोजावी लागते आणि लाभ इतरांना होतो, ती माहिती बाजारात कमीच येते. कचेरीतही तेच घडते. खुलाशाचे पत्र ही अभियंत्याने मोजलेली किंमत असते; वाचतो तो कुंपणापलीकडचा मजूर.

हल्ली गळतीची नोंद दिसली की मी खुलासा मागवत नाही. ‘नोंदीबद्दल आभार. दुरुस्ती केव्हा झाली?’ एवढेच लिहितो. कामचुकारपणा असेल तर त्याची चौकशी वेगळी करता येते.

त्या पहिल्या अभियंत्याची आणि माझी कधी भेट झाली नाही. त्याच्या केंद्रातील गळती थांबली होती की केवळ नोंद, हे मला आजही सांगता येणार नाही.