बुटीबोरीचा शिक्का

नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेकडे निघाले की विमानतळ, खापरी, जामठा, डोंगरगाव मागे पडते आणि सुमारे 30 किलोमीटरवर बुटीबोरी येते. मेट्रो खापरीपर्यंतच नेते. पुढे बस, नाहीतर मिळेल तो ऑटो. इथे रस्ते फुटतात. हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 सरळ जातो, आणि तुळजापूरहून नांदेड, यवतमाळ, वर्धा करत आलेला 361 क्रमांकाचा मार्ग इथे येऊन मिळतो. रेल्वेचेही तसेच. नागपूर-वर्धा मार्गावरचे हे स्टेशन, आणि उमरेडचा फाटा इथूनच निघतो.

कोणी विचारील, बुटीबोरीत पाहायला काय आहे? लेणी नाहीत, किल्ला नाही. एमआयडीसीच्या चिमण्या, टँकरच्या रांगा आणि पाळी सुटली की रस्ताभर डबेवाल्या सायकली-मोटारसायकली. खरे आहे. पण ज्याला पोस्टाची तिकिटे आणि जुनी कार्डे जमवण्याचा नाद आहे, त्याने या गावाला टाळू नये. कारखान्यांमुळे इथे चहूकडची माणसे आली. भंडारा, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा, त्याहीपलीकडे बिहार आणि ओडिशा. किरायाच्या एका खोलीत चौघे राहणारी ही माणसे गावाकडून पत्र आले की ते उशीखाली ठेवत. त्या प्रत्येक पत्रावर दोन शिक्के असत. एक निघाल्या गावाचा आणि दुसरा पोचल्या गावाचा. दहा-वीस जणांची जुनी पत्रे एकत्र ठेवली तर अर्ध्या मध्य भारताचा नकाशा तयार होईल.

पत्त्याच्या शेवटी लिहितात त्या सहा आकड्यांचेही असेच आहे. बुटीबोरी गावाचा पिन 441108, आणि एमआयडीसीचा 441122. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. पुढचा 4 धरून 44 झाले की आपण विदर्भात येतो. तिसऱ्या आकड्याने टपाल वाटणीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन आकडे नेमके पोस्ट ऑफिस सांगतात. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या महाराष्ट्राचेच. म्हणून जुन्या पाकिटावर पिन नसेल तर ते बहुधा 1972 च्या आधीचे किंवा त्यानंतरच्या चार-दोन वर्षांतले समजावे. तारखेचा शिक्का पुसट असला तर अशा खुणा कामी येतात.

बुटीबोरीला मी गेलो तो एका निवृत्त फिटर काकांकडे. विहाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचे घर. काकूंनी "या जी, बसा, चहा मांडतो" म्हणत खाटेवरचे कपडे उचलले, आणि काकांनी लोखंडी पेटीतून मिठाईचा जुना डबा काढला. डब्यात पत्रे. "कवापासून म्हणून राहिली यायले, कबाडीले देऊन टाका," काकू म्हणाल्या. काका काही बोलले नाहीत. त्यांनी एकेक कार्ड खाटेवर मांडायला सुरुवात केली.

ती काकूंच्या वडिलांची कार्डे होती. अकरा. वाघाचे तोंड छापलेली 15 पैशांची. प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर "सप्रेम जयभीम", खाली पाऊसपाणी, बैल, धाकट्याचा ताप आणि "इकडील काळजी करू नये". गंमत अशी की बाप एकच, पण अक्षर दर कार्डावर निराळे. म्हातारबाबांना लिहिता येत नव्हते. शाळेतला जो पोरगा हाती लागेल त्याच्याकडून ते लिहवून घेत. एका कार्डावर तर लिहिणाऱ्या पोराने शेवटी स्वतःचेही नाव घालून "मी सातवीत आहे" असे कळवले होते. आणि अकराव्या कार्डावर मजकूर दुसऱ्याचाच, पण खाली सही वेडीवाकडी, मोठाल्या अक्षरांत, रेघेबाहेर गेलेली. प्रौढ शिक्षणाच्या रात्रीच्या वर्गात ती शिकलेली. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम 1978 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला होता आणि पुढे गावोगाव असे वर्ग चालले, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

काकूंनी ते कार्ड हातात घेतले आणि बराच वेळ परत दिले नाही. कबाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता सांगायची गोष्ट ही की डब्यातली काही पाकिटे मात्र गेलेली होती. म्हणजे पाकिटे होती, पण उजव्या कोपऱ्याला चौकोनी भोक. नातवाला शाळेत तिकिटे जमवायला सांगितली होती, त्याने कात्री चालवली. त्याच्या वहीत तिकिटे डिंकाने चिकटलेली आणि शिक्का अर्धा. गावाचे नाव पाकिटाच्या उरलेल्या भागावर, तारीख वहीत. पोराचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पण हे घरोघरी होते, म्हणून स्पष्ट लिहितो. घरातल्या माणसाच्या हातचे पत्र असेल तर तिकीट काढू नका. अख्खे पाकीट ठेवा. तिकीट बाजारात पुन्हा मिळते. आपल्या आजोबांच्या नावावर अमुक तारखेला अमुक गावचा शिक्का पडलेले पाकीट जगात एकच असते. ज्यांच्या घरी ना सातबारा, ना वाड्याचे कागद, ना जुने फोटो, त्यांच्या घरी 'आम्ही इथे होतो, आम्ही लिहीत होतो' हे सांगणारा सरकारी शिक्क्याचा कागद बहुतेक हाच.

रोजगार विनिमय केंद्राचे कॉल लेटर, कारखान्याने रजिस्टरने पाठवलेले नेमणूक पत्र, मनीऑर्डरच्या फॉर्मची खालची चिठ्ठी, जिच्यावर "पैसे पोचले की कळवणे" एवढेच असे, हेही याच डब्यात ठेवण्यासारखे. तार 2013 मध्ये बंद झाली. कागदी मनीऑर्डर 2015 मध्ये थांबून तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक आली. 2025 मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात मिसळले. म्हणजे हे कागद आता नव्याने तयार होणार नाहीत.

वेळीच जपले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर अशा वापरातल्या वस्तू आपण पाहू शकतो, कारण वामनराव गोडबोले यांनी त्या सांभाळल्या. 1956 च्या दीक्षा सोहळ्याच्या तयारीसाठी बाबासाहेबांचा याच गोडबोल्यांशी पत्रव्यवहार झाला होता. ती पत्रे रद्दीत गेली असती तर तो इतिहास आपण ऐकीव गोष्टींवरच सांगत बसलो असतो. राज्य शासनाच्या ग्रंथमालेत बाबासाहेबांच्या पत्रांचा स्वतंत्र खंडच आहे.

बाजारातून घ्यायच्या तिकिटांचा आनंद वेगळा, आणि तोही काही कमी नाही. काकांच्या अल्बमचे पहिले पान 1949 च्या मालिकेचे आहे. सांचीच्या स्तूपाचे पूर्व तोरण 3 आण्यांच्या तिकिटावर, बुद्धगयेचे मंदिर साडेतीन आण्यांच्या. त्याखाली 24 मे 1956 ची जोडी. बुद्ध जयंतीच्या 2500 व्या वर्षानिमित्त सरकारने दोन तिकिटे काढली होती, एक 2 आण्यांचे आणि एक 14 आण्यांचे, दोहोंवर बोधिवृक्ष. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, 14 ऑक्टोबरला, नागपुरात दीक्षा झाली. दुसऱ्याच वर्षी, 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले आणि आण्यांचा हिशेबच संपत गेला. बोटाच्या पेराएवढ्या त्या दोन कागदांत एवढे सगळे आहे.

बाबासाहेबांचे पहिले तिकीट 14 एप्रिल 1966 चे, 15 पैशांचे. दुसरे 1973 चे, 20 पैशांचे. जन्मशताब्दीचे 1991 चे, 1 रुपयाचे. नंतर 2001, 2013, 2015 असे ते येतच राहिले. जोतीराव फुले 1977 मध्ये 25 पैशांच्या तिकिटावर आले, शाहू महाराज 1979 मध्ये. सावित्रीबाई मात्र 10 मार्च 1998 रोजी, 2 रुपयांच्या. जोतीरावांनंतर एकवीस वर्षांनी. तिकिटांच्या अल्बमात ही वाट पाहणी डोळ्यांना दिसते. कबीर मात्र सर्वांच्या पुढे. 1952 च्या संत-कवींच्या मालिकेत सर्वांत कमी किमतीचे, 9 पैचे, तिकीट कबीरांचे होते.

काका म्हणाले, "1966 चं तिकीट आलं तवा मी लहान. चावडीपुढे उभं राहून पत्र घ्या लागे आम्हाले. मग बाबासाहेबांचं तिकीट लावलेलं पाकीट आलं, अन् ज्यायनं आणून देलं त्यायलेही ते हातात धरा लागलं." एवढे बोलून ते हसले आणि पान उलटले.

एक सावधगिरी. जयंतीला, दीक्षाभूमीच्या गर्दीत किंवा कुठेही कोणी 1966 चे तिकीट "लाखात एक" म्हणून हजारो रुपयांना देऊ लागला तर हात जोडा आणि पुढे चला. ही तिकिटे लाखोंनी छापली गेली होती. ती मौल्यवान आहेत, दुर्मिळ नाहीत. या छंदात श्रीमंत होण्याच्या आशेने कोणी पडू नये. पगारदार माणसाला परवडणारा हा छंद आहे, तो तसाच राहू द्यावा.

साध्या, घरच्या नसलेल्या पाकिटांवरची तिकिटे खुशाल काढा, पण रीतीने. तिकिटाभोवती चांगला कागद ठेवून तुकडा कापा आणि थाळीत साध्या पाण्यावर सोडा. अर्ध्या तासात तिकीट आपोआप सुटते. ओढू नका. चिमट्याने उचलून जुन्या वर्तमानपत्रावर उलटे ठेवा, वर पांढरा कागद आणि त्यावर जाड पुस्तक. अलीकडच्या चिकट पाठीच्या तिकिटांना पाणी लावण्यापेक्षा ती कागदासकट ठेवलेली बरी. अल्बममध्ये डिंक नको, पारदर्शक खिशांची वही घ्या. आणि कृपा करून जुनी पत्रे लॅमिनेट करू नका! आपल्याकडे सर्टिफिकेटपासून फोटोपर्यंत सगळे लॅमिनेट करण्याची हौस आहे. त्या उष्णतेने आणि चिकट थराने कागद कायमचा अडकतो, पुढे सोडवता येत नाही. पत्र्याच्या डब्यात ओल येणार नाही असे बघून सपाट ठेवले तरी पुरे.

नवी तिकिटे हवी असतील तर नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओत तिकीट संग्राहकांसाठी वेगळा विभाग आहे. 200 रुपये भरून खाते उघडले की नवी तिकिटे घरपोच येतात. सहावी ते नववीच्या मुलांसाठी डाक विभागाने 2017 मध्ये 'दीनदयाल स्पर्श' नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. तिकिटे जमवणाऱ्या आणि परीक्षेत 60 टक्के मिळवणाऱ्या मुलाला वर्षाला 6,000 रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना गुणांत 5 टक्के सूट. शाळेत तिकिटांचा क्लब नसला तर मुलाच्या नावाचे वर सांगितलेले खाते चालते. आधी लेखी प्रश्नमंजूषा, मग प्रकल्प. दरवर्षीची जाहिरात पोस्टात विचारावी. आपल्या मुलांपर्यंत ही माहिती पोचत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

निघताना काकांचा नातू बरोबर चौकापर्यंत आला. वाटेत आम्ही पोस्टात शिरलो. कार्ड अजूनही 50 पैशांनाच मिळते. त्याने चार घेतली. एक स्वतःच्याच पत्त्यावर टाकायचे, म्हणजे शिक्का मिळतो, हे त्याला कळले होते. दुसरे बालाघाटच्या मावशीला. तिसऱ्यावर काय लिहावे ते सुचेना, तेव्हा तो म्हणाला, "आजीकडून सही करून घेतो." चौथे त्याने मला दिले आणि माझा पत्ता विचारला, पिनसकट.