कुहीतलं सगळ्यात भारी कार्ड कोणतं?

मंडळी, नवीन वर्ष लागलं की मोबाइलवर एक वेगळाच हंगाम सुरू होतो. 'जानेवारीतच कार्डाचे फायदे वसूल करा' असे व्हिडिओ एकामागून एक येतात. विमानतळावरचं लाउंज, हॉटेलचं व्हाउचर, सिनेमाच्या एका तिकिटावर दुसरं फुकट, पॉइंट, कॅशबॅक. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा म्हणतात, नाहीतर फायदे हातचे जातात.

आपली कुही नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर. पण हे वारं इथंही पोचलं आहे. मास्तर लोक, बँकेतली पोरं, नागपुरात नोकरी करून इथं राहणारे, बऱ्याच जणांच्या पाकिटात आता क्रेडिट कार्ड आहे. बातमीदारी करतो म्हणून लोक मलाही विचारतात, "भाऊ, ते पाच हजार फीचं कार्ड घेऊ का? फायदे लय आहेत म्हणतात."

माझं उत्तर दरवेळी एकच असतं. आधी कागद घ्या, पेन घ्या.

५,००० रुपये फी असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये. आता स्वतःलाच विचारा, वर्षातून किती वेळा विमानात बसता? लाउंजमध्ये जायला बऱ्याच कार्डांवर आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केलेला असावा लागतो. म्हणजे जानेवारी ते मार्च खर्च केला तर एप्रिलनंतर आत प्रवेश. फी माफीचं वर्ष मात्र बहुतेक कार्डांत जानेवारीला सुरू होत नाही, कार्ड मिळालं त्या महिन्यापासून मोजतात. या दोन हिशोबांत गोंधळ झाला की माणूस गरज नसलेली खरेदी करून 'फायदा' मिळवतो.

आणि खरा घोटाळा पुढेच आहे. समजा ५०,००० रुपये बाकी राहिले आणि तुम्ही 'किमान रक्कम' भरून मोकळे झाले. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर एका महिन्याचं व्याज साधारण १,७५० रुपये, त्यावर जीएसटी ३१५. झाले २,०६५. एवढ्यात लाउंजमधला चहा-नाश्ता किती वेळा होईल ते तुम्हीच मोजा. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता. तोही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे आता आपला रखवालदार आपणच.

ज्यांच्याकडे असं कार्ड आहे आणि वापर नाही, त्यांनी ते बंद करावं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काही बाकी नसेल तर अर्ज दिल्यापासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड, आणि तो ग्राहकाला मिळतो. न मागता कोणी कार्ड गळ्यात मारलं आणि पैसे लावले, तर ते पैसे परत द्यायचे आणि वर त्याच्या दुप्पट दंड भरायचा. नियम कागदावर चांगला आहे, फक्त मागणारा पाहिजे.

इथवर वाचून काही जण म्हणतील, "भाऊ, आमच्याकडे असलं कार्डच नाही, आमचा काय संबंध?"

संबंध आहे. खरं तर तुमच्यासाठीच लिहून राहिलो.

मागे तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाणारी एक बाई. नवरा दुचाकीवरून नागपूरच्या रस्त्यानं येताना अपघातात गेला. त्याचं जनधन खातं होतं, २०१८ च्या आधीचं. त्या खात्याच्या रुपे कार्डावर एक लाखाचा अपघात विमा असतो. कोणीतरी तिला ते सांगितलं आणि ती कागद घेऊन शाखेत गेली. शाखेनं नोंदी तपासल्या. अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डावर एकही व्यवहार नव्हता. त्या ९० दिवसांतच काय, कधीच नव्हता. दावा बसला नाही.

ती मला म्हणाली, "भाऊ, ते कार्ड आमी जपून ठेवलं होतं. हरवू नये म्हून पेटीत, कपड्याच्या खाली."

मंडळी, या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम मी वाचला आहे, शाखेनं सांगितलं ते नियमाप्रमाणेच होतं. पण खातं उघडताना तो नियम त्या घरात कोणी सांगितला होता? मोठ्या पगाराच्या माणसाला सिनेमाचं तिकीट वाया जाऊ नये म्हणून दिवसातून तीन मेसेज येतात. आणि एक लाख रुपये वाया जाऊ नयेत म्हणून या घरी एकही निरोप आला नाही.

म्हणून सांगतो, नीट लक्षात ठेवा. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्याच्या रुपे कार्डावर दोन लाखांचं अपघात संरक्षण आहे, आधीच्या खात्यावर एक लाखाचं. वेगळा हप्ता नाही. अट एवढीच की अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डाचा एक तरी यशस्वी वापर झालेला असावा. पैसेच काढले पाहिजेत असंही नाही, एटीएममध्ये नुसती शिल्लक पाहिली तरी तो वापर धरला जातो. अंगठा लावून पैसे काढायची सवय लागली की कार्ड पेटीतच राहतं. तेव्हा दर दोन-अडीच महिन्यांनी बाजाराच्या दिवशी कुहीत किंवा मांढळला आले की कार्ड एकदा मशीनमध्ये टाका. पावती निघाली तर जपून ठेवा.

दुसरी गोष्ट मे महिन्याची. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यूला दोन लाख. साप चावला, झाडावरून पडला, तरी त्यात बसतं, फक्त दवाखान्याचा लगेचचा कागद पाहिजे. जीवन ज्योतीचा हप्ता ४३६ रुपये, त्यात मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी दोन लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप कटतो. आता आपल्याकडचा मे अखेर कसा असतो ते मी सांगायला नको. बियाणं, खत, पोरांच्या शाळा, खातं कोरडं. नेमका त्याच आठवड्यात हप्ता कटायचा राहतो आणि सुरक्षा जाते. ४५६ रुपये खात्यात ठेवून मगच बियाण्याला हात घाला.

आता शीर्षकातला प्रश्न. कुहीतलं सगळ्यात भारी कार्ड कोणतं?

माझ्या मते किसान क्रेडिट कार्ड. १९९८ पासून चालत आलेलं. हिशोब बघा. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज ७ टक्के. वेळेवर भरलं तर केंद्राची ३ टक्के सूट, राहिले ४. वर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्याची मदत, म्हणजे मुदतीत भरणाऱ्याला व्याज शून्यावर येतं. एक लाख कर्जावर वर्षाचे ७,००० रुपये वाचले. शहरातल्या भारी कार्डावर एक लाख खर्च केला आणि एक टक्का जरी परत मिळाला, तरी तो हजार रुपये. सांगा, भारी कोणतं?

पण फायदा तारखेला बांधलेला आहे. तारीख चुकली की सूट गेली, आणि खातं थकीत झालं की पुढचं कर्जही अडलं. मग माणूस शेकडा पाचवाल्याकडे जातो. कितीतरी जण मार्चमध्ये त्याच्याकडूनच पैसे घेऊन 'नवं-जुनं' करतात. पंधरा दिवसांसाठी घेतलेला पैसा महिनाभर राहतो आणि वाचलेलं व्याज तिकडे जातं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच, कापूस-तूर-मिरचीचा पैसा हातात येतो तेव्हाच, थोडा बाजूला काढा. शाखेत जाऊन तीन गोष्टी विचारा: माझी परतफेडीची नेमकी तारीख कोणती, माझ्या नावावर व्याज किती दिसतं, आणि सवलतीचा पैसा खात्यात कधी जमा होतो. उत्तर जमेल तर लिहून घ्या.

आणखी एक. हे कार्ड फक्त सातबारावाल्यांचं नाही. २०१८-१९ पासून ते पशुपालन आणि मासेमारीलाही लागू झालं आहे. गोसेखुर्दच्या पाण्यात ज्यांची शेतं गेली आणि आता त्याच पाण्यावर जे जाळं टाकून जगतात, त्यांनी विचारणा करायलाच पाहिजे. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. कोणी तारण मागितलं तर नम्रपणे नियम दाखवा.

बँकवाल्यांनाही एक विनंती. तुमच्याकडे माणसं कमी आहेत, रांगा मोठ्या आहेत, हे रोज पाहतो. पण ९० दिवसांचा नियम मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दारावर लावायला काय खर्च येतो? ग्रामसभेत पाच मिनिटं बोलायला काय लागतं? ग्रामपंचायतीनं बोलवावं, शाखेनं यावं. हे झालं तर बातमी मी आनंदानं छापीन. नाही झालं तर तीही छापीन.

श्रीमंताला फायदे आठवण करून देणारं ॲप असतं. आपल्याकडे शेजारी आहेत. तेव्हा पोस्ट वाचून नुसती पुढे ढकलू नका. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, अशा दोन घरी आज संध्याकाळी जा आणि विचारा, "मावशी, तुमचं कार्ड कुठं ठेवलं आहे?"

पेटीत असेल तर बाहेर काढायला लावा.