पणत्यांची ऑर्डर जूनमध्ये

दान उत्सव २ ते ८ ऑक्टोबर. २००९ मध्ये तो ‘जॉय ऑफ गिव्हिंग वीक’ म्हणून सुरू झाला, आताचे नाव नंतरचे. गांधी जयंतीची सुट्टी संपली की हिंजवडीच्या कंपन्यांत मेळ्याची लगबग. कँटीनमधली टेबले भिंतीकडे सरकतात आणि त्यांवर पणत्या, उटणे, कापडी पिशव्या, भेटकार्डे मांडली जातात. माल सामाजिक संस्थांचा. टेबले उचलणारे, गेटपास काढणारे, हिशेब लिहिणारे कंपनीतलेच: टेस्टिंगमधले, पेरोलमधले, ॲडमिनमधले.

*

पुण्यात वीणा गोखले यांनी २००५ पासून ‘देणे समाजाचे’ हे सामाजिक संस्थांचे प्रदर्शन पितृपक्षात भरवले. या पंधरवड्यात लोक नवी खरेदी टाळतात, दान मात्र आठवणीने करतात. दिवसांची निवड किती विचारपूर्वक! कंपनीतल्या मेळ्याची हवा वेगळी. दिवाळी तोंडावर आलेली, माणसे खरेदीच्या मनःस्थितीत. मला ही खरेदीची बाजू जास्त मोलाची वाटते. टेबलामागचा संस्थेतला मुलगा भाव सांगतो, पैसे घेतो, सुटे परत देतो. त्याच्या मालाला गिऱ्हाईक आहे, हे त्याला दिसते.

*

पणती कशी तयार होते ते संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन एकदा पाहावेच. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांना तिथे संपूर्ण पणती एकदम करायला देत नाहीत. कामाचे तुकडे पाडतात. एकजण मातीच्या पणत्या पाण्यात भिजवतो, दुसरा उन्हात पालथ्या मांडतो. मग अस्तराचा पहिला हात, मग रंग. ज्याचा हात स्थिर, त्याच्याकडे ठिपके. आरसे चिकटवणारी मुलगी दिवसभर आरसेच चिकटवते आणि तिला तेच हवे असते. गरम मेण शिक्षिका स्वतः ओततात.

पॅकिंगची युक्ती तर फारच सुंदर. पुठ्ठ्यावर सहा वर्तुळे काढलेली. प्रत्येक वर्तुळावर एक पणती ठेवायची, सगळी वर्तुळे झाकली की त्या खोक्यात भरायच्या. ज्याला सहापर्यंत मोजता येत नाही, त्याचेही खोके बरोबर भरते. कुणीतरी त्या मुलाला काय येत नाही याऐवजी काय येते याचा नीट विचार केला, म्हणून तो पुठ्ठा तयार झाला.

“रस्त्यावर यापेक्षा स्वस्त मिळतात,” असे मेळ्यात कुणीतरी म्हणतेच. अशा वेळी स्वयंसेवकाने शेजारी उभे राहून ही साखळी शांतपणे सांगावी. माणसे ऐकतात.

*

अशा हातांना वेळ लागतो. म्हणून ऑर्डर जूनमध्ये जायला हवी, फार तर जुलैमध्ये. सप्टेंबरच्या अखेरीस “पाचशे खोकी मिळतील का?” असा फोन गेला तर संस्थेपुढे दोनच वाटा राहतात: नाही म्हणणे किंवा शिक्षिकांनी रात्री बसून स्वतः रंगवणे. पावसाळ्यात रंग वाळायलाही वेळ लागतो, तोही हिशेबात धरावा.

*

घाऊक ऑर्डर आली की व्हेंडर नोंदणीचा फॉर्म येतो. पॅन, जीएसटीची माहिती, रद्द केलेला चेक, आणि शेवटी साठ दिवसांची उधारी. मेण आणि रंग तर रोखीने आणलेले असतात. अकाउंट्समधल्या एखाद्या ताईने संस्थेत बसून तो फॉर्म भरून दिला, आणि आपल्याच ऑफिसात भांडून निम्मी रक्कम आगाऊ काढून घेतली, तर मेळ्यातल्या कुठल्याही कामापेक्षा ते काम मोठे. तिला टी-शर्ट घालून फोटोत उभे राहायची गरज नाही. तिचे कौतुक मात्र सगळ्यांसमोर व्हावे.

*

कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. एकदाच होणारे कार्यक्रम त्यात धरले जात नाहीत; कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांचे पैशांतले मोलही धरले जात नाही. मला हे योग्य वाटते. शनिवारी सकाळी कुणी संस्थेत गेले, तर ती सकाळ त्याची स्वतःची असते.

*

मेळ्यात जुन्या कपड्यांची पेटीही असते. ‘गूंज’ने १९९९ पासून या कामाला शिस्त लावली, संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीत गावकरी आपल्या गावाचे काम करतात, विहीर, रस्ता, जे गावाने ठरवले ते. आणि कपडे त्या श्रमांचा मान म्हणून मिळतात. तेव्हा पेटीत टाकायचा कपडा धुतलेला, बटणे लावलेला असावा.

*

मेळ्यातल्या टेबलावर पैसे आले की क्यूआरचा स्पीकर रक्कम मोठ्याने सांगतो. दृष्टिहीन विक्रेत्याला याचा केवढा आधार! नोटेसाठी रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ ॲप २०२० पासून आहे, पण गर्दीत मोबाईल काढून प्रत्येक नोट तपासणे अवघड जाते. त्या टेबलावर स्पीकरचा आवाज पूर्ण ठेवावा, आणि कँटीनमधली गाणी तेवढा वेळ बंद करावीत.

*

मेळ्याचे निमंत्रण ईमेलने जाते. हाउसकीपिंगच्या मावशी, सिक्युरिटीचे काका, कॅबचालक यांना कंपनीचा ईमेल नसतो. मागच्या गेटवर मराठीत कागद लावला, आणि त्यांची सुट्टी होते त्या वेळेतही टेबले चालू ठेवली, तर तेही येतात. निवडून, हातात घेऊन, भाव विचारून घेतात. घरासाठी दोन खोकी, गावाकडे न्यायला एक.

*

उरलेला माल. संध्याकाळी तो संस्थेच्या टेम्पोत परत चढतो आणि दिवाळी झाली की वर्षभर पडून राहतो. उरलेली खोकी स्वयंसेवकांच्या गटाने ठरलेल्या भावाने घ्यावीत आणि आपापल्या सोसायट्यांत विकावीत. घासाघीस नको. पैसे त्याच आठवड्यात पोचते करावेत, आणि त्याच भेटीत पुढच्या जूनचा आकडा सांगून यावा.