न थांबणारा पंखा

दिवा लागला नाही तर माणूस लगेच उठून बघतो. पण लागलेला दिवा विझतच नसेल, तर तिकडे लक्ष जायला वेळ लागतो. काम तर चालू आहे, मग बिघाड कसला, असं आपल्याला वाटतं. मोटारीतल्या विजेच्या बाबतीत ही समजूत महागात पडते. सुरू न होणारा भाग स्वतःपुरतं काम बुडवतो. बंद न होणारा भाग बॅटरी पिऊन टाकतो आणि अख्खी गाडी जागेवर बसवतो.

आम्ही चौघे शिक्षक चिपळूणहून २२ किलोमीटरवरच्या, खाडीकाठच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एसटीच्या वेळा शाळेशी जुळत नाहीत, म्हणून चौघांनी मिळून एक जुनी मोटार घेतली. पावसाळा संपता संपता ती सकाळी सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक्‌ टक्‌. दहावीचा पहिला तास दोनदा बुडाला. बोर्डाच्या वर्षात बुडालेला तास परत कुठून आणायचा?

एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून लगेच निकाल दिला, "बॅटरी गेली. नवी घाला, साडेचार हजार. तरी नाहीच झालं, तर वायरिंग बदलू." आमच्यातला एक अजून शिक्षणसेवक आहे. त्याच्या वाट्याचे अकराशे रुपयेसुद्धा लहान रक्कम नव्हती.

आम्ही म्हटलं, आधी बॅटरीलाच विचारू. ती पूर्ण चार्ज करून घेतली. रात्री गाडी लावल्यावर ऋण टोकाची तार सोडून ठेवली. सकाळी मल्टिमीटरने १२.६ व्होल्ट दाखवले, आणि तार जोडताच गाडी एका किल्लीत सुरू झाली. म्हणजे बॅटरी निर्दोष होती. रात्री कुणीतरी तिला रिकामं करत होतं.

चोर त्याच संध्याकाळी सापडला. इंजिन बंद करून आम्ही गाडीपाशी थांबलो. रेडिएटरचा पंखा फिरत होता. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी निवेपर्यंत दोन-चार मिनिटं पंखा चालतो. तो दोष नव्हे. इथे अर्धा तास झाला, रेडिएटर हाताला कोमट लागू लागला, तरी पंखा थांबेना. हिशेब सोपा होता. पंखा साधारण १० अँपिअर ओढतो, बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. कागदावर साडेतीन तासांत खेळ खलास.

पंखा थांबत नाही, म्हणजे पंख्याची मोटर बदला असं कुणीही म्हणेल. पण मोटर बिचारी वीज मिळते म्हणून फिरते. ती वीज तिला देतो कोण?

इथे आम्हाला आमचा एक जुना विद्यार्थी आठवला. वालिदांची होडी विकली गेली त्या वर्षी, आठवीनंतर, त्याने शाळा सोडली. आता तो नाक्यावर एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम करतो. तो आला, सलाम केला आणि पहिल्यांदा आमच्यापैकी एकाला मागे सरकवलं, "सर, पंख्यात हात नको. इंजिन बंद असलं तरी हा कधीही फिरतो."

मग त्याने फ्यूजच्या डबीतून पंख्याचा रिले उपसून काढला. पंखा थांबला. रिले काढूनही पंखा फिरत राहिला असता, तर पुढच्या तारेला कुठेतरी परभारे वीज मिळते आहे असं ठरलं असतं. ते कारण बाद झालं. उरली दोन : एकतर रिलेला चालू राहण्याचा हुकूम सतत येतो आहे, नाहीतर हुकूम थांबूनही रिले ऐकत नाही.

रिलेला चार पाय असतात आणि त्यांवर आकडे असतात. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ वरून ती पंख्याकडे जाते. ८५ आणि ८६ ही आतल्या वेटोळ्याची दोन टोकं; हुकूम येतो तो इथे. पोराने रिकाम्या खाचेत ८५ आणि ८६ मध्ये टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प लागला नाही. लागला असता, तर तापमानाचा स्विच किंवा त्याची तार तपासावी लागली असती.

"हुकूम येत नाही, सर. रिलेच चिकटलाय."

आम्ही सुट्ट्या रिलेच्या ३० आणि ८७ ला मल्टिमीटर लावला. वेटोळ्यात वीज नसताना ही वाट तुटलेली हवी. मीटरने जवळजवळ शून्य ओहम दाखवला. झाकण उघडलं, तर आतले दोन्ही स्पर्शबिंदू काळे पडून एकमेकांना जडले होते. मोटर सुरू होताना क्षणभर फार मोठी धारा ओढते. स्पर्शबिंदूंवर ठिणगी पडते, धातू वितळतो आणि कधीतरी तो जुळून बसतो. रिलेवर टिचकी मारली की तो तात्पुरता सुटतो आणि दुरुस्त झाल्यासारखा वाटतो, पण पुन्हा चिकटतो. नवा रिले दोनशे रुपयांच्या आत आला. बॅटरी तीच आहे.

तो उघडलेला रिले आम्ही दहावीच्या वर्गात नेला, आणि शनिवारी त्या पोरालाही बोलावलं. विद्युतधारेच्या परिणामांचा धडा चालू होता. आमची मुलं त्याला बर्क़ी मक़नातीस म्हणतात, मराठी पुस्तक विद्युतचुंबक म्हणतं आणि नाक्यावर त्याला नुसतं रिले म्हणतात. तीन नावं एकाच वेटोळ्याची, हे मुलांना त्या दिवशी कळलं. आम्ही वेटोळ्याचा रोध मोजायला लावला, ८० ओहम. एका मुलीने फळ्यावर १२ ला ८० ने भागलं : ०.१५ अँपिअर. एवढीशी धारा १० अँपिअरला चालवते आणि थांबवते, हे बघून वर्ग गप्प झाला.

सगळ्यात गप्प तो पोर होता. फळ्याकडे बघत म्हणाला, "सर, हे मी रोज करतो. ह्याचं गणित असतं हे माहीत नव्हतं."

बाहेरून दहावीला बसायला १७ नंबरचा फॉर्म असतो, हे आम्ही त्याला सांगितलं. उस्तादाने दुपारची दोन तासांची सुट्टी कबूल केली आहे. इंग्रजीची धास्ती आहे म्हणतो. ती आम्ही चौघांनी वाटून घेतली आहे.