धातूने काय धरावे, काय सोडावे

कर्करोगावरचे औषध म्हणून धातूचे संकुल घडवताना दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: धातूने कोणता लिगंड (त्याला जोडलेला रेणू किंवा आयन) घट्ट धरायचा आणि कोणता योग्य जागी सोडायचा. सिस्प्लॅटिन हा याचा उत्तम धडा आहे. मिकेले पेरोने यांनी ते 1845 मध्ये तयार केले. पेशींचे विभाजन रोखण्याची त्याची शक्ती 1965 मध्ये बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्रयोगांतून उमगली आणि 1978 मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. त्यात प्लॅटिनमला दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड जोडलेले असतात. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून संकुल टिकते. पेशीत ते कमी, म्हणून क्लोराइड सुटून पाणी येते. मग प्लॅटिनम डीएनएतील ग्वानिनला चिकटते. सारखे गट शेजारी न ठेवता समोरासमोर मांडले की ट्रान्सप्लॅटिन होते आणि गुण हरपतो. कार्बोप्लॅटिन या नंतरच्या औषधात सुटणारा गट संथ सुटतो, त्यामुळे मूत्रपिंडाला त्रास कमी होतो.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांना प्लॅटिनम परवडत नाही. तिथे तांबे, निकेल, जस्त आणि शिफ बेस यांवर काम रुळले आहे. सॅलिसिलाल्डिहाइड आणि अमीन इथेनॉलमध्ये रिफ्लक्स केले की शिफ बेस हा लिगंड मिळतो. त्यात धातूचे ॲसिटेट घातले की बहुधा रंगीत साका खाली बसतो. लिगंडचा अवरक्त वर्णपटातला 1620 प्रति सेंटिमीटरच्या आसपासचा कार्बन-नायट्रोजन बंधाचा पट्टा सरकला, तर नायट्रोजन धातूशी जोडला गेल्याचा तो पुरावा. लिगंडवरचा एक गट बदलला की विद्राव्यता आणि पेशीत शिरण्याची क्षमताही बदलते. घडणीची खरी मोकळीक इथेच आहे.

पुढची पायरी कर्करोगाच्या पेशींवरच्या चाचणीची. त्यासाठी नमुने बाहेर, उदाहरणार्थ खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन संस्थेत, पाठवता येतात. संकुलासोबत नुसता लिगंड आणि नुसता धातूक्षारही तपासावा, नाहीतर मारक कोण हे कळत नाही. अनेक संकुले पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून डीएमएसओ हा द्रावक वापरतात. पण तो स्वतःच धातूला जोडला जाऊन संकुल बदलू शकतो. द्रावणात संकुल टिकते का, हे म्हणूनच आधी पाहायचे. निरोगी पेशींवरचा परिणामही तितकाच मोलाचा: दोन्हींना सारखेच मारणारे संयुग विषच ठरते.

बशीतल्या पेशी मेल्या म्हणून औषध सापडत नाही. पुढे प्राण्यांवरच्या आणि रुग्णांवरच्या चाचण्या असतात, त्यांत अनेक संकुले गळतात. म्हणून निष्फळ ठरलेले संकुलही रचनेसह नोंदवावे. कोणता गट निरुपयोगी ठरला, हे पुढच्या संशोधकाला त्यावरूनच समजते.